नवाब कुणाला मारत नाही

फेसपॅक लावलेल्या बाईला हसवायचं नसतं. पॅकला तडे जातात, सगळा पुसून परत लावावा लागतो. पार्लरच्या कोर्सला पहिल्याच आठवड्यात हे शिकवतात. पण तुम्हीच सांगा, समोर बाई वीस मिनिटं आडवी पडलीय, डोळ्यांवर काकडीच्या चकत्या, तोंड बंद, मोबाइल लांब. माझ्यासारख्या बडबडीला असा श्रोता परत कधी मिळायचा? मग मी सुरू होते. आणि किस्स्यांचं कसं असतं, एक सांगायला काढला की दुसरा 'मी पण, मी पण' करत मागं लागतो. आमचा सिनेमा येऊन गेला त्याला वर्ष झालं, तरी आमच्या गारखेड्यातल्या बायका अजून माझ्या पार्लरमध्ये आयब्रो करायला येतात आणि "ताई, तो रेड्याचा सांगा ना" म्हणत फेशियल करून जातात.

सिनेमा माझ्या नवऱ्यानं काढला. मिलिंद लग्नाचं शूटिंग करतो, वीस वर्षं झाली. हळद, सीमांतपूजन, पंगती, पाठवणी. आम्ही कॉलेजात एका वर्गात होतो म्हणून मी त्याला अरे-तुरे करते. सासूबाईंना ते अजून खपत नाही, पण आता त्यांनी नाद सोडलाय. तर हा मिलिंद एक दिवस एका घरी लग्नाचा व्हिडिओ द्यायला गेला. घरचे सगळे कौतुकानं बघायला बसले. दहाव्या मिनिटाला नवरदेव घोरायला लागला! स्वतःच्याच लग्नात! मिलिंद घरी आला तो पाणीसुद्धा न पिता म्हणाला, "मंगल, मी हॉरर काढणार. माझं काम बघून एक तरी माणूस दचकला पाहिजे."

सासूबाई शेजारीच गहू निवडत होत्या. आमची पिठाची गिरणी आहे. सासरे गेल्यापासून ती दुसऱ्याला चालवायला दिलीय, आणि मिलिंदनं ती सोडवून घेऊन तिथं बसावं हा सासूबाईंचा जुना हट्ट. त्यांनी सुपातून मान वर केली. "आन् लोकं हसली म्हंजे?"

मिलिंदला चेव आला. म्हणाला, "आई, शब्द देतो. भरल्या थेटरात एक तरी माणूस खऱ्या भीतीनं ओरडला नाही, तर कॅमेरा पेटीत आणि मी गिरणीवर. कायमचा!"

"मी येनार. मीच ऐकनार," सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाल्या, "आन् आपलंच मानूस ओरडायला बसवलेलं चालायचं नाय."

माझा चेहराच पडला. मी मनात तीन मैत्रिणींची नावं पक्की केली होती!

* * *

हॉरर ठरला, आता मारेकरी प्राणी पाहिजे. मिलिंदला बिबट्या हवा होता. पण बिबट्याला परवानगी लागते, आणि परवानगीच्या आधी बिबट्या लागतो.

आमच्या ओळखीत एक कुलकर्णी काका आहेत. सिंचन खात्यातून रिटायर, चाळीस वर्षं हौशी नाटकात काम, बोलणं असं की भाजी घेतानासुद्धा शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जावं. ते सिनेमात खलनायक. त्यांनी आपला लॅब्रॅडॉर देऊ केला. "मिलिंदराव, भयंकर तापट कुत्रा आहे. पोस्टमन आमच्या गल्लीत यायला कचरतो."

ऑडिशन ठेवली. मिलिंद सोफ्यावर बसला आणि काकांनी कुत्र्याला हुकूम दिला, "हल्ला!" कुत्रा धावत आला, मिलिंदच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि झोपून गेला. दीड तास मिलिंदला उठता आलं नाही. मारेकरी म्हणून नापास, जावई म्हणून पास!

शेवटी अस्लमनं मार्ग काढला. अस्लम आमचा साउंडवाला आणि ड्रोनवाला, लग्नातही मिलिंदबरोबरच असतो. म्हणाला, "सर, पडेगाव के उधर बन्सीभाऊ का रेडा देखो. नवाब नाम है. देखतेच पसीना छूटता!"

* * *

बन्सीभाऊ गवळी म्हणजे पैलवान गडी. दारातून आत येताना वाकावं लागतं, मिशा गालापर्यंत, हात माझ्या मांडीएवढे. आणि नवाब त्याच्याहून सवाई. तेल चोळून चोळून काळा कुळकुळीत, शिंगं वळून पार मागं गेलेली, नाकातून नुसता फुसफुस आवाज. मिलिंद दोन पावलं मागं सरला, आणि आपण घाबरलो याचाच त्याला एवढा आनंद झाला की त्यानं माझा हात दाबला.

बन्सीभाऊनं सगळी स्टोरी ऐकून घेतली. मग म्हणाला, "नाय जमनार साहेब. नवाब कुनाला मारत नाय."

"अहो भाऊ, ॲक्टिंग आहे."

"ॲक्टिंगमधी पन नाय मारत."

तीन वेळा चहा झाला. मिलिंदनं समजावलं, अस्लमनं समजावलं, मी वहिनी म्हणून गळ घातली. बन्सीभाऊचं दुखणं एकच. नवाबची बदनामी होईल, उद्या लोक म्हणतील हा खुनी आहे. शेवटी बराच वेळ मिशा चोळून तो म्हणाला, "बरं. पन त्यानं खून का केला, ते आधी दाखवा. पब्लिकला कळू द्या, गुन्हा त्याचा नाय."

म्हणून आमच्या 'काळशिंग' सिनेमाची पहिली बारा मिनिटं नवाबच्या दुःखी बालपणाची आहेत! कुलकर्णी काका बिल्डर, ते टॉवरसाठी गोठा पाडतात आणि त्यात नवाबची आई जाते. त्या सीनला एक छोटं रेडकू आणलं होतं, ते मलब्याजवळ उभं राहून नुसतं हंबरलं. कॅमेऱ्यामागं बन्सीभाऊ मुंडाशाच्या शेमल्यानं डोळे पुसत होता. कट झाल्यावर तो काकांकडं असं बघायला लागला की काका माझ्यामागं येऊन उभे राहिले.

"साहेब," बन्सीभाऊ मिलिंदला म्हणाला, "आता मारू द्या त्याला."

* * *

शूटिंग वैजापूरकडं, सासूबाईंच्या माहेरच्या शेतावर. आधी एक टेस्ट म्हणून अंधार पडल्यावर शॉट घेऊन बघितला. स्क्रीनवर काहीच नाही! काळा रेडा, काळोख, आणि त्या काळोखात दोन डोळे. तेही त्यानं मिटले की खेळ खलास. लाइट भाड्यानं आणायची आमची ऐपत नव्हती. मग मिलिंदनं जाहीर केलं की आपला हॉरर भर दुपारी बारा वाजता घडेल. रेडा उन्हातच उठून दिसतो.

मी कुलकर्णी काकांच्या चेहऱ्याला मेकअप लावत होते आणि तो घामानं खाली माझ्या हातावर येत होता. मी म्हटलं, "काका, दिवसाढवळ्या कोण घाबरणार हो?"

काका म्हणाले, "मंगलताई, वैजापूरच्या उन्हात भर दुपारी उभं राहणं हाच मुळात हॉरर आहे."

* * *

पहिला हल्ला. काका शेताच्या मधोमध उभे, वीस पावलांवर नवाब, पलीकडं बाभळीच्या आडोशाला बन्सीभाऊ चाऱ्याची पेंढी घेऊन. नवाब पेंढीकडं पळणार, कॅमेऱ्यात वाटणार की काकांवर धावतोय. सगळं ठरलेलं. फक्त अस्लमला वाटलं की नटांना मूड यावा म्हणून थोडं म्युझिक पाहिजे. त्यानं चुलत्याच्या बँडमधला ढोल आणला होता. मिलिंद "ॲक्शन" म्हणाला आणि अस्लमनं दिला ठेका.

आता तुम्हाला माहितीय, दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडं गवळी लोक सगर काढतात. रेडे न्हाऊमाखू घालायचे, शिंगं रंगवायची, मोरपिसं लावायची आणि वाजतगाजत मिरवायचे. नवाब सगरातला नावाजलेला रेडा. ढोल वाजला की काय करायचं, हे त्याला रेडकू असल्यापासून शिकवलेलं.

नवाब सुसाट निघाला. धूळ उडतेय, जमीन हादरतेय, मिलिंद कॅमेऱ्यामागं आनंदानं थरथरतोय. नवाब काकांच्या पुढ्यात आला, थांबला, पुढचे दोन्ही पाय मुडपले, आणि मान झुकवून सलाम केला!

काका चाळीस वर्षांचे नाटकवाले. कट म्हणेपर्यंत भूमिका सोडायची नाही, हा त्यांचा धर्म. त्यांनी शांतपणे उजवा हात वर केला आणि म्हणाले, "आयुष्मान भव!"

मिलिंद तिथंच बांधावर खाली बसला.

* * *

रक्त माझ्या खात्यात. बाजारातलं रक्त आम्हाला झेपणारं नव्हतं, म्हणून मी घरीच केलं. बीट किसून उकळायचं, गाळायचं आणि दाट यावं म्हणून त्यात काकवी घालायची. रंग असा झकास आला की मला स्वतःलाच मळमळलं. काकांना डोक्यापासून पायापर्यंत माखलं आणि शेतात प्रेत म्हणून झोपवलं. शॉट असा की रेडा प्रेताला हुंगतो आणि निघून जातो. दहा सेकंदांचं काम.

नवाबनं हुंगलं. मग त्यानं जीभ बाहेर काढली.

काकवी गोड असते हे माझ्या डोक्यातच आलं नाही हो! त्यानं काकांचं कपाळ चाटलं, गाल चाटले, मान चाटली. रेड्याची जीभ म्हणजे नुसता खरखरीत ब्रश. काका पडून राहिले, धन्य त्यांची. पण नवाब जेव्हा तळपायाशी पोचला तेव्हा प्रेताचं पोट हलायला लागलं. मग खांदे. मग प्रेत "हीऽऽ हीऽऽ" करत उठून बसलं.

"काका, तुम्ही मेलाय!" मिलिंद ओरडला.

"मेलेल्या माणसाला गुदगुल्या होत नाहीत असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय?" काका म्हणाले. नवाब मात्र हालायला तयार नव्हता. त्यानं काका संपवले आणि मग माझ्या बादलीकडं वळला.

* * *

तिसऱ्या दिवशी सकाळी शेताच्या वाटेनं एक माणूस म्हैस घेऊन आला. मागून दुसरा, मग तिसरा. दुपारपर्यंत बांधाच्या कडंनं नऊ म्हशी एका रांगेत उभ्या, आणि त्यांचे मालक लिंबाखाली तंबाखू मळत बसलेले.

झालं असं होतं की नवाब आलाय ही बातमी पंचक्रोशीत पसरली होती. नवाबची औलाद दुधाला जबरदस्त, लोक लांब लांबून त्याच्याकडं म्हशी दाखवायला नेतात. इथं तर तो स्वतः चालत शेतावर आलेला! मिलिंद बन्सीभाऊवर चिडला, "भाऊ, आज क्लायमॅक्स आहे! परत पाठवा सगळ्यांना!"

बन्सीभाऊ अदबीनं म्हणाला, "साहेब, दारी आलेल्या पाहुन्याला नाय कसं म्हनायचं?"

"दार कुठंय? हे शूटिंग आहे!"

"तुमचं शूटिंग हाय. त्याचा धंदा हाय."

पुढं काय झालं ते मी पार्लरमध्ये सांगत नाही, इथंही सांगणार नाही. एवढंच सांगते की त्यानंतर दोन दिवस नवाबनं एकाही शॉटमध्ये धावायचं नाव काढलं नाही. नुसता लिंबाखाली बसून रवंथ. मिलिंद डोकं धरून बसला, तेवढ्यात अस्लम मोबाइल घेऊन आला. त्यानं कुणाला न विचारता वरून ड्रोननं त्या नऊ म्हशींची रांग शूट करून ठेवली होती. वरून काय दिसत होती! सिनेमात तो शॉट आहे, आणि त्यावर काकांच्या तोंडी वाक्य घातलंय, "अरे देवा, त्यानं फौज बोलावली!"

त्या शेतकऱ्यांना आम्ही विचारलं, तुमची नावं शेवटच्या पाट्यांमध्ये देऊ का? ते म्हणाले, आमची कशाला, म्हशींची द्या. म्हणून शेवटी 'विशेष आभार' खाली चंद्री, मोरी, गंगी, ढवळी अशी नऊ नावं आहेत. माझं नाव त्यांच्या खाली आहे!

* * *

रेडा घराचं दार फोडतो, हा शॉट मात्र नवाबकडून करून घ्यायची बन्सीभाऊची तयारी नव्हती. त्याच्या शिंगाला लागेल म्हणाला. मग मिलिंदनं काळ्या घोंगड्यांचा रेडा शिवून घेतला, थर्माकोलची शिंगं लावली. पुढं मिलिंद, मागं मी. वाकून, त्याच्या कमरेला धरून. बाहेर बेचाळीस डिग्री, आत त्याहून जास्त. लग्नाला सतरा वर्षं झाली, पण एवढा सहवास आम्हाला तोपर्यंत घडला नव्हता.

मिलिंद म्हणायचा डावा, मी उचलायचे उजवा. सात वेळा दारावर आपटलो, दार जागचं हललं नाही, शिंगं मात्र मोडली. आठव्या वेळी जोर करून गेलो आणि दार आतूनच उघडलं. आम्ही भुईसपाट! दारात सासूबाई. माहेरी आलेल्या, आमच्यासाठी भाकरी-पिठलं घेऊन.

त्यांनी खाली पडलेल्या रेड्याकडं बघितलं. पुढच्या तोंडातून मिलिंदचं तोंड बाहेर आलेलं होतंच. त्यांनी विचारलं, "मागं कोन हाय?"

"मी आहे आई," मी घोंगड्यातूनच बोलले.

"पदर सांभाळ," त्या म्हणाल्या आणि भाकरीचं गाठोडं ठेवून निघून गेल्या.

* * *

सगळं झालं, आवाज राहिला. नवाबचा खरा आवाज बारीक. एवढा मोठा देह आणि आवाज असा की कुणी लांबून 'अहो ऐकलं का' म्हणतंय. अस्लमनं ट्रकचा हॉर्न करून बघितला, पिंपात ओरडून बघितलं, कुलकर्णी काकांना डरकाळी फोडायला लावलं. काकांच्या डरकाळीत शब्द ऐकू येत होते.

शेवटी अस्लम एकदा आमच्या गिरणीवर दळण न्यायला आला आणि जागीच उभा राहिला. गिरणी सुरू होताना पट्टा घसरतो ना, तेव्हा ती जो घुर्रर्र आवाज काढते, तो त्यानं रेकॉर्ड केला, हळू केला, रेड्याच्या तोंडी बसवला. खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. मिलिंदनं अस्लमला मिठी मारली. "जमलं! एक तरी ओरडणार! मंगल, एक तरी नक्की ओरडणार!"

मी हो म्हटलं. पण मी ते सगळं जवळून बघितलेलं होतं. सलाम, गुदगुल्या, नऊ म्हशी. हा माणूस दिवसभर डोक्यावर पीठ घेऊन गिरणीवर बसलेला मला आत्ताच दिसायला लागला होता, आणि तो तिथं बसला तर तिथंच विझून जाईल, हे मला त्याच्या आईपेक्षा जास्त कळत होतं. मी मनातल्या मनात ठरवलं. कुणी नाही ओरडलं तर मी ओरडणार. सासूबाई काय म्हणायचं ते म्हणोत.

* * *

एका जुन्या थेटरचा सकाळी साडेनऊचा खेळ आम्हाला मिळाला. थेटर भरलं. माझी पार्लरची मंडळी, काकांचे नाटकवाले दोस्त, वैजापूरचे म्हैसवाले, मिलिंदनं ज्यांची लग्नं शूट केली ती जोडपी. बन्सीभाऊ कडक इस्त्रीचा शर्ट घालून चौथ्या रांगेत, दोन्हीकडं त्याची भावकी. सासूबाई माझ्या शेजारी मधोमध, पदर डोक्यावरून घेऊन, कान उघडा ठेवून.

काय सांगू? बालपणाच्या बारा मिनिटांत बन्सीभाऊची भावकी रडली, बाकीचं थेटर हसलं. काकांचा मृत्यू सहा मिनिटांचा झालाय, ते चार वेळा मरता मरता उठतात. त्यांच्या नाटकवाल्यांनी टाळ्या वाजवून 'वन्स मोअर' दिला. फौज दिसली तशी वैजापूरकरांनी शिट्ट्या मारल्या, "आमची चंद्री! आमची चंद्री!" अस्लमची डरकाळी घुमली आणि अख्खं थेटर एक क्षण गप्प झालं. तेवढ्यात सासूबाई मोठ्यानं म्हणाल्या, "अगं बाई, ही तं आपली गिरनी! पट्टा लई ढिल्ला झालाय तिचा." हशा असा उसळला की पुढचे दोन खून कुणाला कळलेच नाहीत.

मी आता माझीच वेळ आली म्हणून सरसावले. दार फोडायचा शॉट येतो तिथं ओरडायचं. आला शॉट. मी छाती भरून श्वास घेतला. आणि पडद्यावर त्या रेड्याचे मागचे दोन पाय दिसले, टाचांना मेंदी लावलेले! मला जे हसू फुटलं ते मी तोंडात पदर कोंबूनही थांबवू शकले नाही. मिलिंद भिंतीला टेकून उभा होता, त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. त्याचा तो चेहरा आठवला की अजून मला रडू येतं.

मग शेवट आला. शेवटी रेडा मरतो. गावकरी त्याला घेरतात, तो जखमी होऊन शेतात कोसळतो. आता हा शॉट घेताना बन्सीभाऊ तिथंच होता बरं का! त्यानंच नवाबच्या कानात काहीतरी बोलून त्याला आडवा केला. बिटाच्या रंगाची बादली त्यानं माझ्या हातातून घेतली, स्वतः ओतली, वर मला म्हणाला, "वयनी, डोळ्यात जातंय का बघा." शॉट झाल्यावर त्यानंच त्याला हौदावर नेऊन धुतलं होतं.

मिलिंदनं त्या शॉटला म्युझिक ठेवलंच नव्हतं. नुसता नवाबचा श्वास. पडदाभर त्याचा डोळा. श्वास हळू होतो, आणखी हळू होतो, पापणी खाली येते, आणि थांबते. थेटरमधलं हसू कुठं गेलं कळलं नाही.

आणि चौथ्या रांगेतून किंकाळी आली, "नवाऽऽऽब!"

तशी किंकाळी मी जन्मात ऐकली नाही. माझ्या पुढची बाई खुर्चीतून उडाली, काकांच्या हातातला पॉपकॉर्न माझ्या डोक्यावर पडला, एक पोर रडायला लागलं. बन्सीभाऊ उभा होता, पडद्याकडं हात करून, आणि तो भला थोरला माणूस पानासारखा थरथरत होता. मग तो लोकांचे गुडघे तुडवत निघाला तो थेट दाराबाहेर. बाहेर त्याची मोटरसायकल सुरू झालेली आम्ही आत ऐकली.

सिनेमा तिथंच राहिला. अस्लमच्या व्हॅनमधून मिलिंद, मी आणि सासूबाई पडेगावला निघालो. मिलिंद फोन लावतोय, बन्सीभाऊ उचलत नाही.

गोठ्यात नवाब उभा होता, कडबा खात. बन्सीभाऊ त्याच्या गळ्यात दोन्ही हात टाकून, त्याच्या मानेला कान लावून उभा. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. शर्ट घामानं भिजलेला. आम्हाला बघून त्याला लाज वाटली, पण हात काही त्यानं सोडले नाहीत.

"रंग मीच ओतला व्हता साहेब," तो म्हणाला. "माह्या हातानं."

सासूबाई पुढं झाल्या. माठातलं पाणी त्यांनी तांब्यात काढलं, बन्सीभाऊच्या हातात दिलं, त्याच्या हातातून ते सांडायला लागलं म्हणून तांब्या स्वतःच धरून त्याला पाजलं. मग मागं वळून मिलिंदच्या पाठीत असा धपाटा घातला की नवाबनं खाणं थांबवलं.

"मिलिंद्या! एवढ्या भल्या मानसाला एवढं भेवडावतात व्हय रे? लाज नाय वाटत तुला?"

मिलिंदनं पाठ चोळत विचारलं, "आई, खरंच घाबरला ना गं तो?"

"मंग! हात बघ की त्याचे. अजून थरथरायलेत."

मिलिंद होता तिथंच खाली बसला आणि त्यानं आईच्या पायांवर डोकं ठेवलं. बराच वेळ झाला तरी उठेना. अस्लम माझ्याकडं बघतोय, मी अस्लमकडं बघतेय, सासूबाईंचा हात त्याच्या डोक्यावर.

शेवटी बन्सीभाऊच डोळे पुसत म्हणाला, "उठा साहेब, तिथं शेन हाय."